कथिलातला कंप

वैजयंती रणखांबे यांनी हिरडेगावच्या आयटीआयमध्ये एकतीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांतला परीक्षेचा एकही बोर्ड टाकून दिला नाही. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत प्रत्येक मुलाने तळहाताएवढ्या बोर्डावर एक सर्किट जोडायचं, मागे आपला क्रमांक लिहायचा आणि बाईंच्या हातात द्यायचं. गुण देऊन झाले की बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत जायचा. निवृत्त झाल्या त्या दिवशी अशा अकरा ट्रंका भांडारात होत्या. नव्या प्राचार्यांनी त्या भंगारात काढायचं ठरवलं होतं, पण कागदावर सही कोण करणार या घोळात त्या पाच वर्षं तिथेच राहिल्या.

२०४४च्या फेब्रुवारीत पुण्याहून एक गाडी आली आणि ट्रंका घेऊन गेली. गाडीबरोबर डॉ. शमा तांबोळी होत्या. गुन्हे अन्वेषणाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या, चाळिशीच्या आसपासच्या, बोलायला मऊ बाई. त्या वैजयंतीबाईंच्या घरी येऊन बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला पुण्याला यावं लागेल. दोन दिवस. तारतोडच्या चौकशीचं काम आहे."

तारतोडचं नाव ऐकून वैजयंतीबाईंच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. त्यात विशेष काही नव्हतं. ते नाव ऐकून हिरडेगावात सगळ्यांचंच असं व्हायचं, कारण तारतोडची सुरुवात तिथूनच झाली होती.

ज्यांची कामं यंत्रांनी घेतली अशा माणसांची ती संघटना. मापाडी, तिकीट देणारे, टोलनाक्यावरचे, गोदामातले. 'यंत्राची तार तोडा, माणसाला हात लावू नका' असं त्यांच्या पहिल्या पत्रकात लिहिलेलं होतं. २ मार्च २०३१, रविवार. हिरडेगावच्या बाजार समितीत धान्याची प्रतवारी करणारं नवं स्वयंचलित केंद्र उडवलं गेलं. सुट्टीचा दिवस म्हणून आत कुणी नसेल असा त्यांचा हिशेब. पण सोजरबाई माने आणि त्यांची जाऊ रखमाबाई आत फरशी धूत होत्या. दोघी गेल्या. पुढच्या पत्रकात त्याबद्दल दिलगिरी होती. त्याच्या पुढच्या पत्रकात नव्हती. चार वर्षांत चौदा स्फोट झाले. चौदावा एका रुग्णालयाच्या यंत्रणाकक्षात झाला, आणि वीज गेल्यावर अतिदक्षता विभागातली एक्केचाळीस माणसं मेली. तेव्हापासून 'माणसाला हात लावू नका' हे वाक्यच त्यांच्या पत्रकांतून गळालं.

आता विशेष न्यायालयाने संघटनेचा आरंभीचा इतिहास नव्याने तपासायला सांगितलं होतं. कोणता स्फोट कुणी केला, कुठून शिकले, कोणी शिकवलं. तेरा वर्षांपूर्वीचे तुकडे गोदामात पिशव्यांमध्ये पडून होते. ते वाचता येतील असं यंत्र आता कुठे तयार झालं होतं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत एका मोठ्या पडद्यासमोर बसवून शमाबाईंनी ते यंत्र समजावलं. वैजयंतीबाईंना फार सांगावं लागलं नाही.

"वितळलेलं कथील गोठायला दीड-दोन सेकंद लागतात. बरोबर?"

"तारेच्या जाडीवर आहे. पण साधारण तेवढेच."

"त्या दीड-दोन सेकंदांत त्याच्या आत स्फटिकांचे कण बांधले जातात. माणसाचा हात कितीही स्थिर असू दे, स्नायू सेकंदाला आठ ते बारा वेळा थरथरतात. डोळ्याला दिसत नाही, पण कथिलाला कळतं. गोठताना तो कंप त्याच्या कणांत उतरतो. क्ष-किरणांनी त्या जोडाचे, म्हणजे डागाचे, हजारो आडवे काप घेतले की तो वाचता येतो. प्रत्येकाचा कंप वेगळा, आवाजासारखा."

"आणि स्फोटात वितळत नाही?"

"बोर्डाचे तुकडे होतात, डाग उडून पडतात. तापायच्या आत लांब गेलेले असतात. दहातले सहा-सात चांगले मिळतात."

कंप माणसाचा स्वतःचा. पण डाग देण्याची रीत गुरूची, असं शमाबाईंनी पुढे सांगितलं. तार कोणत्या बाजूने आणायची, कथील आधी लावायचं की तापलेलं आयर्न, आयर्न वर उचलायचं की बाजूला ओढायचं. चौदाही स्फोटांतली रीत एकच होती. डाग देण्याआधी तारेला बोटभर सैल वळण, म्हणजे ओढ बसली तरी डागावर ताण येत नाही, आणि आयर्न वर न उचलता बाजूला ओढून काढलेलं. शमाबाईंनी राज्यभरातल्या आयटीआयचे नमुने तपासले होते. असं वळण एकाच ठिकाणी शिकवलं जात होतं.

वैजयंतीबाई आपल्या गुडघ्यांवरच्या हातांकडे बघत राहिल्या. त्या वळणाचा त्यांना अभिमान होता. 'माझ्या मुलांचा डाग दहा वर्षं सुटत नाही' असं त्या परीक्षकांना सांगायच्या.

पडद्यावर तीन रंग होते. आठ स्फोट एका हाताचे, त्याला क म्हटलं होतं. पाच ख या हाताचे. पहिला स्फोट मात्र ग चा, आणि ग पुन्हा कुठेच नव्हता.

"क आम्हाला तुमच्या ट्रंकेत सापडला," शमाबाई म्हणाल्या. "२०३०ची परीक्षा. श्रीतेज लेंगरे. शंभरपैकी शहाण्णव दिलेत तुम्ही."

श्रीतेज. बाजार समितीतल्या मापाड्याचा मुलगा, उंच, थोडा पोक काढून चालणारा. प्रतवारीचं केंद्र आलं आणि बाप घरी बसला. परीक्षा झाल्यावरही श्रीतेज वर्षभर वर्कशॉपमध्ये येत राहिला, लहान मुलांना शिकवायला. वैजयंतीबाई त्याच्यासाठी डब्यात एक भाकरी जास्त आणायच्या. बाजार समितीच्या स्फोटानंतर आठवड्याभरात तो गाव सोडून गेला. २०३७मध्ये कुठल्याशा खोलीत, स्वतःच्याच हातात स्फोट होऊन मेला, असं पेपरात आलं होतं.

"ख अजून सापडायचाय. ग चा प्रश्न तसा मिटलाय," शमाबाईंनी चित्र मोठं केलं. "आयर्न उलट्या बाजूला ओढलंय, म्हणजे डावखुरा माणूस. पहिल्या स्फोटासाठी जन्मठेप झालेले बसवराज कोरे. तुमच्याकडे शिकले होते ना?"

"दुकानदारांसाठी उन्हाळी वर्ग घ्यायचे मी. सहा आठवड्यांचा. त्याला होते."

"आणि डावखुरे."

"हो."

"म्हणजे जुळलं. पकडले गेले आणि ग थांबला. त्यांचा हात तपासता आला असता तर बरं होतं, पण तुरुंगात झटका येऊन डावी बाजू गेली त्यांची. स्फोटानंतर लोकांनी दुकान जाळलं, त्यामुळे जुना नमुना एकही नाही. पण एवढं पुरेसं आहे. त्यांच्या सुटकेचा अर्ज आहे न्यायालयात, चौदा वर्षं होत आली म्हणून. आमचा अहवाल गेला की तो अडेल."

वैजयंतीबाई पडद्याकडे बघत होत्या. सात डाग, आणि सातही डागांच्या टोकाला कथिलाची बारीक शेपटी. सराईत हाताचा डाग असा नसतो. कोरेंनी वीस वर्षं डाव्या हाताने रेडिओ, मोबाईल दुरुस्त केले होते, त्यांचा डाग आरशासारखा असायचा. ही शेपटी अशा माणसाची होती ज्याला रीत चोख येते, पण जो हात त्याने चालवला तो त्याचा नेहमीचा नाही.

"मॅडम, पाणी देऊ का?" शमाबाईंनी विचारलं.

"नको. गाडीचा प्रवास झाला ना, म्हणून," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना घरी पोचायला दुपार झाली. मुलगी मेघना शाळेतून आली होती. ती गावातल्याच हायस्कूलला गणित शिकवायची, तिची मुलगी नववीत होती, आणि नवरा बदलीच्या नोकरीवर लांब. तिघी एकत्र राहायच्या. वैजयंतीबाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि पाय धुवायलाही उठल्या नाहीत.

"काय झालं?" मेघनाने विचारलं.

त्यांनी सांगितलं. २०३१च्या जानेवारीत बसस्थानकाच्या पायऱ्यांवरून घसरून त्यांचा उजवा हात मोडला होता. कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. रजा न घेता त्या वर्कशॉपमध्ये जात राहिल्या आणि हट्टाने डाव्या हाताने डाग द्यायला शिकल्या. मुलं भोवती जमून बघायची. त्याच दिवसांत श्रीतेज एक टायमर घेऊन आला. काकाच्या ठिबकसाठी पाहिजे म्हणाला, मी केलेला टिकत नाही मॅडम, तुम्ही द्या ना डाग. तो तारा धरून उभा राहिला आणि त्यांनी डाव्या हाताने दहा डाग दिले. दोघंही हसत होते. जमलं की मॅडम, असं तो म्हणाला होता.

"त्याच्या हातून टिकत नव्हता म्हणे," वैजयंतीबाई म्हणाल्या. "शहाण्णव गुणांचा मुलगा. मला तेव्हा हे खटकलं का नाही?"

मेघनाने दार लोटून घेतलं, मुलगी बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसली होती म्हणून.

"त्यांच्याकडे तुझ्या डाव्या हाताचा नमुना आहे?"

"नाही."

"तुझे सगळे बोर्ड उजव्या हाताचे. म्हणजे तू बोलली नाहीस तर हे कधीच कुणाला कळणार नाही."

"नाही कळणार."

"आई, तुला माहीत नव्हतं तो काय करणार आहे. तू काही केलेलं नाहीस. उद्या पेपरात काय येईल? तारतोडचा पहिला बाँब आयटीआयच्या बाईंनी केला. एवढंच येईल. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. हिला याच शाळेत जायचंय, मला याच शाळेत शिकवायचंय."

"मेघू, एक राहिलं सांगायचं."

"आता काय?"

"स्फोटानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पेपरात तुकड्यांचा फोटो आला होता. धुरकट होता. पण त्यात तारेचं वळण दिसत होतं. मी तो पेपर घडी करून उशीखाली ठेवला. श्रीतेज चार दिवस आला नव्हता. पोलीस ठाण्यात जाऊन सांगावं असं मनात येत होतं. मग कोरेंना पकडलं. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू तुला. सापडला ना माणूस, म्हणजे आपला काही संबंध नाही. तो पेपर मी रद्दीत टाकला."

मेघना म्हणाली, "हे मला नव्हतं कळलं तर बरं झालं असतं," आणि बाहेर मुलीपाशी जाऊन बसली.

चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. पाचव्या दिवशी वैजयंतीबाई पहिल्या गाडीने पुण्याला निघाल्या. मेघनाने त्यांना डबा करून दिला. देताना ती म्हणाली, "मी तुला जा म्हणत नाहीये. लक्षात ठेव," आणि आत गेली.

शमाबाईंना आधी कळलंच नाही. वैजयंतीबाई दारातच म्हणाल्या, "माझा डावा हात तपासा." मग बसून सगळं सांगितलं, पेपराच्या फोटोसकट. शेवटी शमाबाईंनी एका पोलीस अधिकाऱ्याला बोलावलं, आणि त्याच्यासमोर वैजयंतीबाईंनी टेबलावर पंधरा डाग दिले. तेरा वर्षांत हात म्हातारा झाला होता, कंप वाढला होता, पण रीत तीच, शेपटीही तीच. वय वाढलं की कंपाचा जोर बदलतो, लय तशीच राहते, हे शमाबाईंनीच आदल्या खेपेला सांगितलं होतं. यंत्राने दुपारपर्यंत वेळ घेतला.

पडद्यावर ग च्या खाली जुळणीचा आकडा उमटला. हात जुळला होता.

"मी परवा सही केली," त्या म्हणाल्या. "कोरेंच्या विरोधातल्या अहवालावर. माझ्या यंत्राने डावखुरा म्हटलं आणि मी डावखुरा माणूस लावला. यंत्र चुकलं नव्हतं."

"अहवाल परत घेता येईल?"

"घ्यावाच लागेल." शमाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, त्याने तुमच्याकडून का करून घेतलं असेल? तो स्वतः करू शकला असता."

"मीही तेच विचारतेय स्वतःला. कदाचित पहिल्या वेळी त्याचा हात धजला नसेल. कदाचित माझं नाव त्यात असावं असं वाटलं असेल. किंवा खरंच टिकत नसेल, मन थाऱ्यावर नसलं की डाग टिकत नाही. तो जिवंत असता तर विचारलं असतं."

नऊ दिवस त्यांची चौकशी चालली. कटात सामील असल्याचं कलम लागलं नाही; माहिती दडवल्याचं लागलं, आणि वय बघून जामीन मिळाला. मेघना म्हणाली होती तसंच पेपरात आलं. आयटीआयच्या व्हरांड्यात उत्तम निदेशकांच्या नावांचा फळा होता, त्यावरचं त्यांचं नाव रंगवून टाकलं गेलं. सोजरबाईंचा मुलगा एका सकाळी फाटकाशी येऊन उभा राहिला. वैजयंतीबाई बाहेर गेल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. तो बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिला आणि मग निघून गेला. जूनमध्ये मेघनाने बदली करून घेतली आणि मुलीला घेऊन नवऱ्याच्या गावी गेली. फोन येतो, दर रविवारी, पाच-सात मिनिटं. नातीची चौकशी केली की "अभ्यास करतेय" एवढं उत्तर येतं.

बसवराज कोरे सप्टेंबरात सुटले. निर्दोष म्हणून. ते उमरग्याकडच्या एका खेड्यात पुतण्याकडे राहायला गेले, हे शमाबाईंनी कळवलं. वैजयंतीबाईंनी आधी चिठ्ठी पाठवली. पंधरा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, दुसऱ्याच्या अक्षरात. या म्हणतात.

कोरे अंगणात बाजेवर बसले होते. डावा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. पुतण्याच्या बायकोने लोखंडी खुर्ची आणून ठेवली आणि ती आत गेली. वैजयंतीबाई बसल्या.

"मॅडम, तुम्ही म्हाताऱ्या झालात की," कोरेच आधी बोलले. जीभ जड होती, शब्द एकेक करून यायचे.

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मला शंका आली होती."

"पेपरात वाचलं. सगळं वाचलं मी. तुम्हाला एक सांगतो. पहिली दोन-तीन वर्षं मी ओरडून सांगायचो, मी नाही केलं. मग वकील म्हणाला, तुमच्या दुकानातून एखादा टायमर गेला असेल, तुम्हाला आठवत नसेल. रोज पन्नास माणसं यायची दुकानात. मी आठवायला लागलो. हा आला होता, तो आला होता. रोज आठवायचो. आठवता आठवता मला एक माणूस दिसायला लागला, लाल शर्टातला. मी त्याला डाग देऊन देतोय. खरंच दिसायचा. झटका आला त्याच्या आधी मी बायकोला सांगून टाकलं, माझ्याच हातून गेलं असणार."

वैजयंतीबाईंनी मान वर केली.

"असा कोणी नव्हताच, हे आता कळलं," कोरे म्हणाले. "पण बायको गेली दोन वर्षांखाली. माझ्या तोंडचं ऐकून गेली."

आत भांड्यांचा आवाज होत होता. अंगणातून एक शेळी दोरी ओढत इकडून तिकडे गेली.

"मी काय करू, कोरे?"

उजव्या हाताने कोरेंनी शर्टाच्या खिशातून कागदाची घडी काढली. त्यावर लातूरचा एक पत्ता होता.

"शिवलीला. माझी पोरगी. आईने तिला सांगितलं होतं मी काय बोललो ते. तिने सोजरबाईंच्या घरी जाऊन पाय धरले म्हणे, माझ्या वतीने. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. सुटल्यावर पुतण्याने फोन केला, तर म्हणाली, कोर्ट काहीही म्हणू दे, बाबांनी स्वतः कबूल केलंय. माझं ती ऐकायची नाही, मॅडम. तुम्ही सांगा तिला."

"ती मला दारात उभं करेल का?"

"माहीत नाही," कोरे म्हणाले. "जाऊन बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी वैजयंतीबाई लातूरला त्या पत्त्यावर पोचल्या. तिसरा मजला, लिफ्ट बंद. जिने चढून दम लागला म्हणून त्या कठड्याला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी बेल वाजवली. पस्तिशीतल्या बाईने दार अर्धं उघडलं. कपाळ, डोळे, सगळं बापाचं.

"कोण पाहिजे?"

"शिवलीला कोरे तुम्हीच ना? माझं नाव वैजयंती रणखांबे."

नाव ओळखीचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं. दार मिटायला लागलं. वैजयंतीबाईंनी ते धरलं नाही, पाऊलही पुढे टाकलं नाही. दार मिटता मिटता त्या म्हणाल्या, "बाई, ते मी केलं होतं. तुमच्या बाबांनी नाही. त्यांना जो आठवतो तो माणूस कधी आलाच नव्हता."

दार बंद झालं. पलीकडून पावलांचा आवाज आला नाही. ती दाराला लागूनच उभी होती.

वैजयंतीबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या, आणि बंद दाराकडे तोंड करून, मोडलेल्या हातापासून सुरुवात करून, त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.